डंपरच्या डावीकडून घुसताय? आधी हे बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली बहुतेक प्रश्न लायसन्सचे होते, तर ते आधी उरकतो. सोळा पूर्ण झाली की बिनगिअरची, ५० सीसीपर्यंतची गाडी, तीही पालकांच्या संमतीने. बाकी खासगी गाड्यांना अठरा. लर्निंग सहा महिने चालतं, आल्यापासून तीस दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकांना २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेल्मेटचा पट्टा लावा, नुसतं डोक्यावर ठेवू नका. झालं.

आता ज्यासाठी बसलोय ते. एकाने लिहिलंय, "दादा, सिग्नलला डंपरच्या डाव्या बाजूला मस्त गॅप असतो, तिथून पुढे निघायचं." नाही रे बाबा. त्या गॅपमध्ये शिरूच नको.

ट्रकवाले त्या बाजूला 'क्लिनर साइड' म्हणतात. का? कारण ती बाजू ड्रायव्हरला नीट दिसत नाही, म्हणून क्लिनर खिडकीतून मान बाहेर काढून बघतो आणि ओरडून सांगतो. आणि आज कितीतरी गाड्यांवर क्लिनरच नसतो.

उन्हाळ्यात गावी एका ओळखीच्या काकांच्या डंपरमध्ये ड्रायव्हरच्या जागेवर बसलो होतो. डंपर मोकळ्या पटांगणात, बंद. भाच्याला सायकल घेऊन डावीकडच्या दाराखाली उभं केलं. अंगात भडक नारिंगी टी-शर्ट. आरशात बघितलं, नाही. खिडकीतून वाकून बघितलं, नाही. "मामा, दिसतोय का?" आवाज येतोय, पोरगं दिसत नाही. मग भाच्याला लांब पाठवून काकांनी इंजिन चालू केलं. तो तिथून ओरडत होता, तोंड हललेलं दिसलं, शब्द एकही ऐकू आला नाही. पोटात गोळा आला माझ्या.

आता वळणाचं बघा, सगळ्यात फसवं हेच आहे. लांब गाडीला डावीकडे वळायचं असेल तर ती आधी उजवीकडे सरकते. मागून आपल्याला वाटतं, जागा दिली! दिलेली नसते. गाडी वळायला लागली की पुढची चाकं मोठा वळसा घेतात आणि मागची आतून कापत येतात. मघाचा तो गॅप मागच्या चाकाखाली बंद होतो. एसटीचंही तेच, सिटी बसचंही तेच.

आणि ती जागा असते कशी? कडेला खडी, वाळू, गटाराचं झाकण. तिथे घाबरून पुढचा ब्रेक दाबलात की चाक घसरतं. पडता कुठल्या बाजूला, ते आपल्या हातात नसतं.

"हॉर्न वाजवतो ना दादा" म्हणणाऱ्यांनो, भाच्याचं आत्ताच सांगितलं. हॉर्न ऐकू गेला तरी तो कुठून आला हे केबिनमध्ये कळत नाही.

मग करायचं काय? मागेच थांबायचं, एवढं अंतर ठेवून की त्याच्या आरशात ड्रायव्हरचा चेहरा तुम्हाला दिसला पाहिजे. चेहरा दिसत नाही, म्हणजे तुम्हीही त्याला दिसत नाही. आणि आधीच उभे असाल आणि डंपर शेजारी येऊन थांबला, तर सिग्नल सुटायच्या आत पाय टेकत टेकत गाडी मागे घ्या. मागचे शिव्या देतील, देऊ द्या. मागे सरकायला जागाच नसेल तर गाडी तिथेच सोडून फुटपाथवर चढा.