कॉल जवळचा, कॉल लांबचा

[निळा पडदा, लुकलुकता कर्सर]
ओळखलंत? टर्बो सी, सी भाषेतला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या कितीतरी बॅचेस याच पडद्यापुढे बसल्या. ऑप्शन्समध्ये मेमरी मॉडेलची, म्हणजे प्रोग्रॅम मेमरीत कसा मांडायचा याची, ही यादी असायची: टायनी, स्मॉल, मीडियम, कॉम्पॅक्ट, लार्ज, ह्यूज. व्हायवाला कुणी विचारत नसे, त्यामुळे कुणी उघडतही नसे.

[८०८६ चिप, जवळून]
यादीचं मूळ हे. इंटेल ८०८६, साल १९७८. मेमरी १ एमबी, पत्ता २० बिटांचा, पण रजिस्टर, म्हणजे चिपमधला आकडे ठेवायचा कप्पा, १६ बिटांचं. म्हणून मेमरीचे तुकडे, म्हणजे सेगमेंट: सेगमेंटच्या आकड्याला १६ ने गुणायचं आणि त्यात ऑफसेट, म्हणजे तुकड्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, मिळवायचा. एका सेगमेंटची मजल ६४ केबी.

[हेक्स डंप]
आता प्रोग्रॅमचे हे बाइट बघा. एका फंक्शननं दुसऱ्याला बोलावलं, की तो कॉल. ई८ आणि पुढे दोन बाइट: निअर कॉल, त्याच सेगमेंटमधला. खाली ९ए: फार कॉल, दुसऱ्या सेगमेंटमध्येही पोचणारा. ९ए चा एक, ऑफसेटचे दोन, सेगमेंटचे दोन, एकूण पाच. लार्ज मॉडेलमध्ये कंपायलर सहसा दर फाइलला वेगळा कोड सेगमेंट देतो आणि सरसकट फार कॉल लिहितो. समोरचं फंक्शन कुठं बसणार, त्याला काय ठाऊक! पत्ता तो लिंकरवर, म्हणजे सगळ्या फाइली जोडून एक प्रोग्रॅम करणाऱ्यावर, सोडतो.

लिंकर सेगमेंट मांडतो, पत्ते भरतो. मायक्रोसॉफ्टच्या लिंकरला सांगितलं, तर तो आणखी एक गंमत करतो. दोन्ही फंक्शनं एकाच सेगमेंटमध्ये निघाली, की फार कॉल खोडून तिथं पुश सीएस (परतीसाठी सेगमेंट जपून ठेवणं), निअर कॉल आणि एक रिकामा नॉप (काहीच न करणारी सूचना). एक, तीन, एक. पुन्हा पाचच! आजूबाजूचा एक बाइट हलत नाही. एडिटिंगला आम्ही हा शॉट उगाचच तीनदा लावून पाहिला.

[एका फंक्शनमधला लांबच लांब स्विच, म्हणजे पर्यायांची यादी, वर सरकत जाणारा]
पण एकच फंक्शन ६४ केबीहून मोठं झालं तर? आतल्या उड्या फक्त ऑफसेट बदलतात. अटीची उडी तर १२७ बाइट पुढं नाहीतर १२८ मागं, बस. त्याहून लांब जायचं तर कंपायलर अट उलटी करून मध्ये साधा जंप घालतो. ही युक्तीही ६४ केबीच्या आतच. त्यापुढे तो हात वर करतो. लिंकरच्या लेखी फंक्शन म्हणजे शिवलेलं पोतं: रचायचं, उसवायचं नाही. १९८५ च्या ८०३८६ मध्ये ऑफसेट ३२ बिटांचा झाला आणि ३२ बिटांच्या प्रोग्रॅमपुरता हा जाच संपला.

[एडिटर: स्विचचा अर्धा भाग कापून दुसऱ्या फाइलमध्ये. मेक. लिंकिंग.]