डिस्कला तेलाचं बोट

नमस्कार श्रोतेहो.

परवा खंडेनवमी. विळी, कोयता, हातोडी, पाने, शिवणयंत्र, सगळं घासूनपुसून पाटावर येईल आणि दारातल्या गाड्यांना झेंडूचे हार पडतील. म्हणूनच आज बोलायला घेतलंय ते ओरडणाऱ्या डिस्क ब्रेकबद्दल. चाकाच्या मध्याशी पोलादी ताटली असते ती डिस्क; ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी धरतात. रोड बाइकच्या. मी तिला सायकलच म्हणतो. लाखभर रुपये मोजले की लोकांना सायकल म्हणायला लाज का वाटते, मला कळत नाही. पायडल मारायचं म्हणजे सायकल. असो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर बोलण्याच्या नादात राहून जायची. डिस्कला तेल नको. डिस्कला बोटही नको. तेल साखळीला. डिस्कला नाही.

हे मी कसं शिकलो ते ऐका. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही साताऱ्याचे. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी मी सायकल धुतली, पुसली, साखळीला तेल दिलं आणि पडवीत उभी केली. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो, पूजा आईने केली. घरी आलो तर हँडलला हार, सीटवर कुंकू, सायकल नवरीसारखी नटलेली.

दसऱ्याच्या पहाटे मी आणि एक मित्र पाचगणीला निघालो. पोवई नाक्यावर पहिल्यांदा ब्रेक दाबला, तर पुढून ‘कुईं’ असा बारीक आवाज. साडेपाच वाजलेले, दव पडलेलं. ओली डिस्क चार-दोन दाबांपुरती ओरडतेच, कोरडी झाली की गप्प बसते. हे मला माहीत होतं, आणि तेच नडलं. म्हटलं, सुकेल.

पुढे पाचवड, वाई, सगळा सरळ रस्ता. ब्रेकला काम नाही. पसरणीचा घाट चढताना तर ब्रेक दाबतो कोण! पाचगणीत चहा घेतला. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब ताज्या स्ट्रॉबेरीसाठी हटून बसलं होतं. दसऱ्याला! अहो, रोपं आत्ता कुठे जमिनीत रुजतायत. कोणत्या ऋतूत काय पिकतं हे शाळेत शिकवायला हवं, असं माझं मत आहे, पण ते राहू दे.

मग उतार. पाचगणी ते वाई बारा किलोमीटर, आणि तेवढ्यात सहाशे मीटरच्या आसपास खाली यायचं. पहिल्या मोठ्या वळणाला पुढचा ब्रेक दाबला, आणि श्रोतेहो, तो आवाज! जत्रेतला पिपाणीवाला कानाशी येऊन उभा राहावा तसा. कठड्यावरची माकडं पिल्लं पोटाशी धरून झाडावर गेली. आवाजाचंही सोडा, सायकल थांबेना. हँडलवरची ब्रेकची लिव्हर मऊ लागली असती तर म्हटलं असतं, ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा शिरली. इथे लिव्हर दगडासारखी घट्ट. म्हणजे दाब पॅडपर्यंत पोचतोय, पण पॅड डिस्कला धरतच नाहीत. मागचा ब्रेक आवळला. चाक फरपटलं, सायकल नागासारखी वळवळली, पण वेग मोडला. डोंगराच्या बाजूला गटाराशी एकदाचा थांबलो. हातपाय लटपटत होते.

मागून मित्र आला. सायकलवरून उतरला, नाक वर केलं आणि म्हणाला, “अरे, इथे सकाळी सकाळी भजी कोण तळतंय?”

मी खाली बघितलं. वास माझ्याच पुढच्या चाकातून येत होता. पॅड ज्यात बसतात त्या कॅलिपरमधून बारीकसा धूरही निघत होता.

उरलेला घाट मी चालत उतरलो. पायात पायडलला अडकणारे क्लीटचे बूट, डांबरावर टकटक टकटक. एक एसटी बाजूने हळू झाली, खिडकीतल्या आजोबांनी विचारलं, “पंक्चर का हो?” मी म्हटलं, “हो.” काय सांगणार!

संध्याकाळी आईला सोनं दिलं, पाया पडलो आणि विचारलं, “आई, सायकलला काही लावलं होतंस का?”

“लावलं की. विळीला शेंगतेल लावलं, अडकित्त्याला लावलं, तुझ्या त्या भोकाभोकांच्या ताटलीलाही बोट फिरवलं. पोलादाची वस्तू अशी कोरडी ठेवतात होय? दुसरीला लावणार होते, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.”

त्या शिट्टीने माझा मागचा ब्रेक वाचवला.

आईला काय बोलणार? घरातल्या दहा वस्तूंना तेलाचा हात लागतो. अकरावी नेमकी उलटी निघाली. पॅडचा मसाला सच्छिद्र असतो, तो तेल पितो. मग पॅड डिस्कला धरतो, सुटतो, धरतो, सुटतो, सेकंदाला शेकडो वेळा. त्या थरथरीचाच तो आवाज. फळ्यावर खडू किंचाळतो, तसाच.

डिस्क मात्र तेल पीत नाही, ती साफ होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धुतलेलं कोरडं फडकं घ्या, फडक्याची बाजू बदलत पुसा. पॅडचं तसं नाही. मी ते पॉलिश पेपरवर घासले, गॅसवर भाजले, घरभर वास झाला म्हणून आईची बोलणी खाल्ली. दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी पुन्हा पिपाणी. तेव्हा तेल प्यालेले पॅड टाकून द्या. पुन्हा सांगतो, तेल प्यालेले पॅड टाकून द्या. आणि साखळीला स्प्रेने तेल मारू नका, तो फवारा उडून डिस्कवरच बसतो. थेंबाथेंबाने द्या.

नवे पॅड लावले की ते डिस्कवर रुळवून घ्यावे लागतात. मोकळा रस्ता बघा, वेग ताशी पंचवीसपर्यंत न्या आणि ब्रेक एकसारखा दाबत चालण्याच्या वेगावर या. पूर्ण थांबायचं नाही, चाक जाम करायचं नाही. असं वीसेक वेळा, पुढचा वेगळा, मागचा वेगळा. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा चढतो आणि मग ब्रेक धरायला लागतो. हे न करता नवे कोरे पॅड घेऊन थेट घाटात जाणारे महाभाग मी पाहिलेत.

वेळ थोडा उरलाय, बाकीचे आवाज भराभर सांगतो. ब्रेक न दाबता चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच ‘शिंग’ वाजलं, तर डिस्क वाकलीय. सतत घासत असेल, तर कॅलिपर मध्यावर नाही. त्याचे दोन बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर दाबून धरा, तशीच धरून बोल्ट आवळा. कॅलिपरमागे पांढरा कागद धरा, दोन्ही बाजूंना उजेडाची फट दिसली पाहिजे. लांब उतारानंतर ‘टिंग टिंग’ वाजत असेल तर काही करू नका, डिस्क तापलीय, निवली की थांबेल. तिला तेव्हा हात लावू नका, चांगला फोड येतो. आणि लोखंडावर लोखंड घासल्यासारखं ‘खर्र’ आलं, तर तिथेच उतरा, पॅड संपलेत. मसाला अर्ध्या मिलिमीटरवर आला की बदलायचे. डिस्कही झिजते. बऱ्याच डिस्कवर कमीत कमी जाडी १.५ मिलिमीटर असं कोरलेलं असतं, वाचा कधीतरी.

चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅडना ढकलणारे पिस्टन पुढे येतात आणि चाक परत बसत नाही. भाचरं घरी आली की हमखास दाबतात. आणि ब्रेकमधलं तेल बदलायचं असेल तर आधी विचारा: शिमानो कंपनीच्या ब्रेकला मिनरल ऑइल, स्रॅम कंपनीच्या रोड ब्रेकला डॉट फ्लुइड नावाचा वेगळा द्रव. एकाच्या जागी दुसरं घातलं की आतले रबर खराब होतात.

परवा सायकलची पूजा जरूर करा. हार हँडलला, हळदीकुंकू हँडलला. आमच्याकडे गेल्या वर्षी आईने पूजेआधी दोन्ही ताटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं आणि कागदावरच कुंकवाचं बोट टेकवलं. नमस्कार.