गिटारच्या जागी पियानो

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या मेकन या शहरात ज्याचे बस्तान होते, त्या ऑलमन ब्रदर्स बँडच्या ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’ या १९७३ सालच्या अल्बमविषयी आज बोलायचे आहे. सदर्न रॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या रॉक संगीताला आकार देणारा हा बँड तेव्हा फार कठीण काळातून जात होता. ऑक्टोबर १९७१ मध्ये त्याचा प्रमुख गिटारवादक ड्वेन ऑलमन मेकनमध्येच मोटरसायकलच्या अपघातात गेला. आणि नव्या अल्बमचे ध्वनिमुद्रण चालू असताना, नोव्हेंबर १९७२ मध्ये, बासवादक बेरी ओकली याचाही त्याच शहरात तसाच अंत झाला. दोघेही अवघे चोवीस वर्षांचे होते.

या बँडची ओळख होती ती ड्वेन आणि डिकी बेट्स यांच्या गिटारच्या जुगलबंदीमुळे. साहजिकच, ड्वेनच्या जागी दुसरा गिटारवादक आणावा, असे कोणालाही वाटले असते. तसे न करता त्यांनी चक लेव्हेल हा वीस वर्षांचा पियानोवादक घेतला, आणि माझ्या मते या अल्बमचे सारे मर्म या निवडीत आहे. ड्वेनची बरोबरी करण्याचे ओझे त्यामुळे कोणाच्याच खांद्यावर पडले नाही. ओकलीनंतर बास हाती घेतला तो ढोलवादक जेमोचा जुना मित्र लमार विल्यम्स याने.

‘जेसिका’ ही शब्दांवाचूनची रचना ऐकताना हा बदल स्पष्ट जाणवतो. बेट्सने आपल्या लहान मुलीचे नाव दिलेल्या या रचनेमागे जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची प्रेरणा होती. आगीत हात भाजल्यामुळे राइनहार्ट डाव्या हाताच्या दोनच बोटांनी सूर वाजवत असे, आणि तशा दोन बोटांनी वाजवता येईल अशी धून बेट्सला हवी होती. गिटारने मुखडा मांडल्यावर लेव्हेलचा पियानो तो असा काही फुलवत नेतो की दुसऱ्या गिटारची उणीव भासत नाही. ‘रॅम्बलिन मॅन’मध्ये मात्र जोडगिटार ऐकू येते, हे खरे, पण तिथली साथ लेस ड्युडेक या पाहुण्या वादकाची आहे. कंट्री संगीताकडे झुकलेले हे गाणे अमेरिकी क्रमवारीत दुसऱ्या स्थानापर्यंत गेले, तर अल्बमने पाच आठवडे पहिले स्थान राखले. बँडची मूळची ब्लूजची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या आर्त गाण्यांची, धग इथे थोडी निवलेली आहे, अशी तक्रार कोणी केली, तर मी ती सर्वस्वी नाकारणार नाही.

अल्बममधील बहुतेक रचना बेट्सच्या असल्याने बँडचे सुकाणूही त्याच्याकडे सरकले. त्याच वर्षी ड्वेनचा धाकटा भाऊ आणि बँडचा गायक ग्रेग ऑलमन याचा स्वतंत्र अल्बम निघाला, १९७६ मध्ये बँड फुटला, आणि लेव्हेल, विल्यम्स व जेमो यांनी ‘सी लेव्हल’ नावाचा आपला वेगळा बँड उभा केला.