मोबाईलवर चालतं, मग टीव्हीवर का नाही?

[दृश्य: हॉल. टीव्हीच्या पडद्यावर फिरत राहिलेलं गोल चक्र.]

रात्रीचे साडेआठ. ताटं वाढून झाली आहेत आणि टीव्हीवर एकच ओळ: 'इंटरनेटशी जोडणी होऊ शकली नाही.' स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, नेट गेलंय का?" सोफ्यावरून उत्तर, "नाही गं, माझ्या मोबाईलवर चालू आहे की!"

तपास इथेच भरकटतो. या प्रकरणात मोबाईल हा फितूर साक्षीदार आहे. घरच्या वायफायमधून नेट येईनासं झालं की बरेच फोन न सांगता सिमकार्डच्या डेटावर जातात. गाणी वाजतात, मेसेज येतात, आणि घरातले सगळे टीव्हीला दोष देऊन मोकळे होतात. म्हणून आधी फोनचा मोबाईल डेटा बंद करायचा आणि मगच त्याची साक्ष घ्यायची.

[दृश्य: शोकेसच्या वरच्या कप्प्यातला राउटर. एक लाल दिवा.]

डेटा बंद केल्यावर फोनचंही नेट थांबलं, तर टीव्हीला हात लावू नका. राउटरकडे जा. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल दिसला, तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. वायर कुठेतरी तुटली, वाकली किंवा निसटली आहे. तिथे घरात करण्यासारखं फारसं काही नाही, कंपनीला किंवा केबलवाल्याला फोन करायचा. दिवे सगळे हिरवे आणि तरी नेट नाही? मग प्लॅनची तारीख बघा. रिचार्ज संपला की बऱ्याच ठिकाणी कुठलीही साईट उघडली तरी पैसे भरायचं पान समोर येतं. फोनवर ते दिसतं. टीव्हीच्या ॲपला ते दाखवता येत नाही, ते बिचारं नुसतं फिरत राहतं.

फोनचं वायफाय व्यवस्थित चालतंय आणि टीव्हीचंच अडलंय, असं असेल तर एक सोपी चाचणी आहे. फोनचा डेटा पुन्हा चालू करा, हॉटस्पॉट लावा आणि टीव्ही त्याला जोडा. चालला, तर टीव्ही धडधाकट आहे. भांडण त्याचं आणि राउटरचं आहे.

[दृश्य: टीव्हीवरची वायफाय नावांची यादी. शेजाऱ्यांची सगळी नावं आहेत, आपलंच नाही.]

हे भांडण बहुतेक वेळा बँडवरून, म्हणजे वायफायच्या लहरींच्या पट्ट्यावरून असतं. राउटर दोन बँडवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. स्वस्तातल्या अनेक टीव्हींना फक्त २.४ कळतो. राउटरवर तो बंद असेल, तर त्या टीव्हीला घरचं वायफाय दिसणारच नाही. टीव्हीच्या मागे खोचायची, नेटवरचे कार्यक्रम दाखवणारी स्टिक भावाने अमेरिकेतून आणली असेल, तर तिची गंमत आणखी वेगळी. प्रत्येक बँडमध्ये चॅनेल नावाच्या छोट्या वाटा असतात, आणि आपल्याकडे राउटर २.४ मध्ये चॅनेल १२ किंवा १३ निवडू शकतो. तिकडची उपकरणं साधारणपणे ११ वर थांबतात. राउटरचा चॅनेल १, ६ किंवा ११ वर आणा, स्टिकला नेटवर्क दिसू लागेल. आणि पासवर्ड बरोबर असूनही टीव्ही 'चुकीचा' म्हणत असेल, तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारच्या कुलुपावर आहे का ते पाहा. जुन्या टीव्हीला आधीचा डब्ल्यूपीए२ लागतो.

आता जरा थांबू या, कारण पुढची गोष्ट कुणाच्या लक्षातच येत नाही. टीव्हीचं घड्याळ.

[दृश्य: सेटिंगमधलं तारखेचं पान. वर्ष चुकीचं.]

वायफाय जोडलेलं, सिग्नल पूर्ण, तरी एकही ॲप उघडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन पाहावं तर तारीख काही वर्षं मागची! लाइट गेली, प्लग काढला, की काही टीव्ही आपली वेळ विसरतात. एरवी नेट मिळताच वेळ आपोआप जुळते. पण 'आपोआप वेळ' हा पर्याय बंद असेल, किंवा वेळ सांगणाऱ्या सर्व्हरपर्यंत टीव्ही पोहोचत नसेल, तर तो जुन्याच तारखेत अडकतो. यात बिघडतं काय? ॲप सर्व्हरशी बोलण्याआधी त्याचं डिजिटल प्रमाणपत्र तपासतं. त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असं नोंदवलेलं असतं. टीव्हीच्या लेखी ती सुरुवातीची तारीख अजून उजाडलेलीच नसते, म्हणून तो जोडणी नाकारतो. तारीख हाताने बरोबर करा, बहुतेक वेळा काम तिथेच होतं.

उलटंही घडतं. ९ मार्च २०२५ च्या सुमारास जगभर दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट, म्हणजे टीव्हीला जोडायची गूगलची छोटी उपकरणं, अचानक 'अविश्वासार्ह' ठरली. घड्याळं बरोबर होती. उपकरणांची ओळख पटवणाऱ्या साखळीतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने तेव्हा लोकांना आवर्जून सांगितलं की फॅक्टरी रिसेट करू नका, म्हणजे सगळं पुसून उपकरण नव्यासारखं करू नका. ज्यांनी घाईने केलं, त्यांना उपकरण पुन्हा सेट करता येईना. बाकीच्यांचं काही दिवसांत अपडेटने सुरळीत झालं.

[दृश्य: भिंतीवरच्या बोर्डातून प्लग काढणारा हात.]

रिसेट हा आपल्याकडचा आवडता उपाय, आणि माझ्या मते सगळ्यात आळशी. सगळे पासवर्ड रिमोटने एकेक अक्षर शोधत पुन्हा टाकायचे, आणि मूळ दुखणं तसंच. त्याआधी प्लग काढा. रिमोटने बंद केलेला टीव्ही खरा बंद नसतोच, तो डुलकी घेत असतो, आणि त्यात वायफायचा भाग अडकून पडतो. बोर्डावरचं बटण बंद करून दोनेक मिनिटं थांबलं की तो नव्याने सुरू होतो. टीव्हीला हार्ड डिस्क लावलेली असेल तर तीही काढून बघा. ती ज्या यूएसबी ३ ने जोडलेली असते, त्याचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलमध्ये मिसळतो.

एवढं करूनही वायफायचा पर्याय राखाडी, दाबताच येत नाही? मग आतला छोटा वायफायचा तुकडा गेला असण्याची शक्यता मोठी. तरीही टीव्ही भंगारात काढायची गरज नाही. मागे लॅनचं, म्हणजे तारेने नेट घ्यायचं भोक असतं. बहुतेक टीव्हींत त्याचा वेग १०० एमबीपीएसपर्यंतच जातो, पण नेटफ्लिक्स फोर-के, म्हणजे सगळ्यात स्पष्ट चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानतं. राउटरपासून टीव्हीपर्यंत तार ओढा, आणि मोजताना दाराच्या चौकटीचा वळसा धरून मीटरभर जास्तच घ्या.