चटणी म्हणायचं की मसाला?

(दृश्य : कांडप केंद्र. लोखंडी मुसळं एकामागून एक खाली येतायत. लाल धुळीत तोंडाला पदर बांधून बसलेल्या बायका.)

कोल्हापूर. एप्रिलचा पहिला आठवडा. ब्याडगी मिरची रंगाला, लवंगी झणक्याला. खोबरं, तीळ, धणे घरून भाजून आणलेले. कांदा-लसूण शेवटी पडणार. पावसाच्या आत वर्षाची बेगमी व्हायला हवी, म्हणून सकाळी सातपासून नंबर लागलेत.

इथून जे डब्यात भरून घरी जातं, त्याला पाकिटावर ‘कांदा-लसूण मसाला’ म्हणतात. कोल्हापुरात त्याचं नाव चटणी.

(दृश्य : पेठेतली गल्ली. तालमीसमोरून चालत येणारी एक बाई. खांद्याला कापडी पिशवी, हातात टॅब.)

या ताई. नाव दाखवू नका म्हणाल्या. एका कंपनीला तयार चटणीचं पाकीट बाजारात आणायचंय आणि त्यासाठी चारशे घरांतून उत्तरं गोळा करायचीत. ही उत्तरं ताई आणि त्यांच्यासारख्या बायका पायी फिरून आणतात.

सर्वेक्षणाची सुरुवात मात्र दारावर होत नाही. आधी ठरवावं लागतं, की आपल्याला नेमकं काय माहीत नाही. ‘आमचा मसाला लोकांना आवडेल का?’ असं विचारलं तर भिडेखातर सगळे हो म्हणतात. इथं बऱ्याच चर्चेनंतर प्रश्न ठरला तो असा : जिच्या घरात वर्षाची चटणी बरणीत भरलेली आहे, ती बाई पाकीट विकत घेईल का, आणि घेतलं तर कधी?

(दृश्य : चुलीवर तांबडा रस्सा. पळी खोलवर जाते, ढवळते.)

मग किती घरं? घरं नीट, कुणाच्या मर्जीवर न सोडता निवडली, तर चारशे घरांवरून आलेला टक्का शंभरातल्या पंचाण्णव वेळा खऱ्या आकड्याच्या पाच टक्के अलीकडे-पलीकडे असतो. ही चूक निम्मी करायची तर घरं दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. रश्श्याची चव बघायला पळीभर पुरतो, पण आधी ढवळावं लागतं. नाहीतर नुसता वरचा कट हाती येतो.

(दृश्य : ताई तालमीच्या दाराशी थांबतात. उजवीकडे वळतात. घरं मोजतात.)

ते ढवळणं हे असं. मतदार यादीतून एक पत्ता निघतो, तो सुरुवातीचा. तिथून उजव्या हाताने चालत जायचं. एका घरात मुलाखत झाली की ठरलेली घरं सोडून पुढच्या दारात. ओळखीची वहिनी दिसली म्हणून तिच्याकडे शिरायचं नाही. तिसरा मजला आहे म्हणून टाळायचं नाही. हा नियम पायांनी पाळायचा असतो आणि एप्रिलच्या दुपारी तो पाळणं काय असतं, ते बघा.

(दृश्य : निवेदन नाही. जिना. बंद दार. जिना. बंद दार. पाण्याची बाटली.)

‘काय घ्यायचं न्हाई आमाला.’

‘विकायला आलो न्हाई काकू, इचारायला आलोय.’

(दृश्य : दार उघडतं. सोप्यात सासू खुर्चीवर, सून उंबऱ्याशी.)

या घरात स्वयंपाक दोघी करतात. विचारायचं कुणाला? 1949 साली लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने यासाठी एक तक्ता मांडला. पात्र माणसं वयाच्या क्रमाने लिहायची आणि त्या घरासाठी तक्ता दाखवेल त्याच माणसाशी बोलायचं. पुढे होऊन बोलणाराच दर वेळी निवडला जाऊ नये, म्हणून. आज टॅबवर सुनेचं नाव आलं. सासूबाई दोनदा मध्ये बोलल्या. ताई दोन्ही वेळा हसून सुनेकडे वळल्या.

(दृश्य : सुनेचा चेहरा. ती बोलतेय, मागे फ्रिज, शिलाई मशीन.)

उत्पन्न विचारलं तर खरं उत्तर मिळत नाही. म्हणून भारतातल्या सर्वेक्षणांत 2011पासून मुख्य कमावत्याचं शिक्षण विचारतात आणि अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत ते मोजतात : वीज, पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी वगैरे, आणि शेतजमीनसुद्धा. त्यावरून घराचा वर्ग ठरतो. अलीकडच्या नव्या पद्धतीत वस्तू गेल्या. आता मुख्य कमावत्याचा व्यवसाय बघतात, आणि घरातल्या सर्वांत शिकलेल्या पुरुषाचं नि सर्वांत शिकलेल्या बाईचं शिक्षण. बाईचं शिक्षण वेगळं मोजलं जातं, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

(दृश्य : चुरगळलेला छापील कागद. ‘मसाला’ शब्दावर लाल पेनाची काट, वर ‘चटणी’.)

हा कागद ताईंनी जपून ठेवलाय. मोठ्या सर्वेक्षणाआधी थोड्या घरांत प्रश्नावली तपासून बघतात, त्याला पायलट म्हणतात. तेव्हाचा हा. छापील प्रश्न होता : ‘आपण महिन्याला मसाल्याची किती पाकिटं घेता?’ बायका बिर्याणी मसाला सांगायच्या, गरम मसाला सांगायच्या. चटणीचं नाव कुणी काढेना. ताईंनी आपणहून एकीला विचारलं, ‘आणि चटणी?’ ती म्हणाली, ‘ती काय महिन्याची असती व्हय? वर्साची. पाच किलो.’

शब्द चुकला होता आणि काळही चुकला होता. हीच प्रश्नावली चारशे घरांत फिरली असती तर आकडे नेटके आले असते, तक्ते रंगीत झाले असते आणि सगळं खोटं ठरलं असतं. ताईंनी रात्री सुपरवायझरला फोन केला. प्रश्न बदलला.

(दृश्य : दोन पांढरी पाकिटं. एकावर 418, दुसऱ्यावर 763.)

दोन्हींत चटणीच, चव वेगळी. नाव नाही, चित्र नाही, किंमत नाही. निम्म्या घरांत आधी 418, निम्म्या घरांत आधी 763, कारण आधी चाखलेल्या चवीचा परिणाम पुढच्या मतावर होतो. आठवडाभर रोजच्या आमटीत वापरायचं. मग ताई परत येणार.

(दृश्य : सुपरवायझर फोनवर. टॅबवर नकाशातले ठिपके.)

मुलाखत कुठे झाली, किती वेळ चालली, टॅब नोंदवतो. काही घरांना पुन्हा फोन जातो : ‘बाई खरंच आल्या होत्या का?’ तपासणी हवीच. पण ताईंना पैसे मिळतात ते पूर्ण झालेल्या फॉर्मचे. बंद दारांचे, चढलेल्या जिन्यांचे, अर्ध्यावर ‘दूध उतू गेलं’ म्हणून उठलेल्या मुलाखतींचे नाही. आणि अहवालाच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव नसतं.

(दृश्य : एसटी स्टँड. पुण्याच्या गाडीत चढवलेला चटणीचा डबा.)

सगळी उत्तरं हाती आल्यावर कंपनीने छोटं पाकीट आधी पुण्यात, खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलांसाठी काढायचं ठरवलं. कोल्हापूर नंतर.

(दृश्य : संध्याकाळ. ताई पायरीवर बसून चप्पल झटकतात. टॅबवर ‘आज पूर्ण : 6’.)

आजचे सहा झाले. सातव्या घरातल्या काकू साडेसातला या म्हणाल्यात. अजून वीस मिनिटं आहेत.

(दृश्य : ताई तिथेच बसून राहतात. पलीकडून कांडपाचा आवाज.)