मोल्ड कोणत्या दिशेला उघडणार?
(सोलापूर येथे डिझाइनच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मित्रहो, यंत्रमागाच्या या शहरात मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात (मोल्डमध्ये) भरून बनवलेल्या भागाचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. सुताची प्लास्टिकची बॉबिन घेऊ. मधे नळी, दोन्ही टोकांना तबकड्या आणि आरपार भोक, एवढाच हा भाग. पण मोल्ड कोणत्या दिशेला उघडायचा हे ठरल्याशिवाय त्याच्या एकाही पृष्ठभागाला ड्राफ्ट, म्हणजे वस्तू मोल्डमधून सहज सुटावी म्हणून ठेवलेला किंचित उतार, देता येत नाही. बरेच जण आधी मॉडेल पूर्ण करतात, शेवटी सगळ्या भिंतींना सरसकट 1 अंशाचा ड्राफ्ट लावतात आणि ड्राफ्ट तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र हिरवे दिसले की निश्चिंत होतात. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे.

बॉबिनचा मोल्ड अक्षाच्या दिशेने उघडायचा म्हटले, तर दोन तबकड्यांमधल्या जागेतले पोलाद बाहेर काढताना तबकडी आडवी येते. म्हणून मोल्डचे दोन अर्धे भाग अक्षाला काटकोनात उघडावे लागतात आणि भोकासाठी अक्षाच्या दिशेने सरकणारी वेगळी कोअर, म्हणजे भोकाची जागा मोकळी राखणारी पोलादी दांडी, द्यावी लागते. एकाच वस्तूत ओढण्याच्या दोन दिशा आल्या. भोक एका दिशेने तपासायचे, बाकीचे सगळे दुसऱ्या दिशेने. तबकड्यांच्या आतल्या सपाट बाजू अक्षाच्या दिशेने तपासल्या तर निर्धोक दिसतात. प्रत्यक्षात त्या मोल्ड उघडण्याच्या दिशेला समांतर, म्हणजे शून्य ड्राफ्टच्या असतात आणि प्रत्येक शॉटला, म्हणजे मोल्ड भरून भाग काढण्याच्या प्रत्येक फेरीत, पोलादावर घासत निघतात.

सॉफ्टवेअर करते ते एवढेच, की पृष्ठभागाचा लंब आणि आपण दिलेली दिशा यांमधला कोन 90 अंशांतून वजा करून येणाऱ्या आकड्याप्रमाणे रंग भरते. दिशा चुकीची दिली तर उत्तर बिनचूक येते, पण ते भलत्याच प्रश्नाचे असते. उलट, काही इशारे सोडूनही द्यावे लागतात: गोल नळीवर पार्टिंग लाइनच्या, म्हणजे मोल्डचे दोन अर्धे भाग जिथे मिळतात त्या रेषेच्या, दोन्ही बाजूंना ड्राफ्ट 1 अंशाहून कमी असलेली अरुंद पट्टी दिसणारच, परंतु लगेच पुढे कोन वाढत जात असल्याने तिथे वस्तू अडकत नाही. तिथली खरी काळजी फ्लॅशची, म्हणजे मोल्डच्या फटीत शिरून गोठलेल्या प्लास्टिकच्या पातळ धारेची आहे, कारण त्या धारेत सूत अडकते.

पृष्ठभागावर टेक्श्चर, म्हणजे खरबरीत पोत, हवे असेल, तर त्याच्या दर 0.025 मिलिमीटर खोलीमागे साधारण 1 ते 1.5 अंश ड्राफ्ट वाढवावा.

आता भोकाकडे वळू. थंड होणारे प्लास्टिक कोअरवर आवळून बसते आणि पॉलिप्रॉपिलिनचे आकुंचन 1 ते 2.5 टक्के असते. त्यामुळे बाहेरच्या बाजूपेक्षा आतल्या बाजूला ड्राफ्टची गरज अधिक. पण भोक 150 मिलिमीटर लांब असेल आणि प्रत्येक बाजूला अर्धाच अंश दिला, तरी दोन टोकांच्या व्यासांत सुमारे 2.6 मिलिमीटरचा फरक पडतो आणि बॉबिन चातीवर, म्हणजे ती ज्यावर बसून फिरते त्या दांड्यावर, डुलू लागते. दोन्ही टोकांकडून कोअर आणून त्या मध्यावर भिडवल्या, तर फरक निम्मा होतो. मात्र सर्वांत अरुंद जागा आता मध्यावर येते आणि मोल्डचा खर्चही वाढतो. चातीवर बसणारे माप कुठे धरायचे, हे ड्रॉइंगवर लिहिलेच पाहिजे; न लिहिल्यास मोल्ड बनवणारा ते आपल्या सोयीने ठरवतो आणि मग त्याला बोल लावता येत नाही.