निपाणीचा निधी, संसद मार्गाची शाखा

(दृश्य: सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर, माघी पौर्णिमा. भंडारा, परड्या, चढणारी गर्दी.)

मुलींना देवीला सोडण्यावर, म्हणजे देवदासी करण्यावर, कर्नाटकात 1982 च्या कायद्यानं बंदी आली. पण ज्यांच्या गळ्यात दर्शन, म्हणजे देवीला सोडल्याची मण्यांची माळ, बांधून झालं होतं, त्यांची पेन्शन, त्यांच्या पोरांचे शाळेचे दाखले, त्यांच्या नावावरचं घर ही कामं उरलीच. निपाणी, हुक्केरी, सौंदत्ती या पट्ट्यात ती छोट्या संस्था करतात. परदेशातली फाउंडेशनं यालाच मानवी हक्कांचं काम म्हणतात आणि त्यासाठी निधी देतात.

प्रस्तावात 'गरजू महिलांना मदत' लिहिलं तर तो पहिल्या चाळणीतच पडतो. कोणता हक्क, तो कोणत्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, तो पाळायचं काम कुणाचं, हे विचारलं जातं. बालहक्कांचा करार भारतानं 1992 साली स्वीकारला, महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा 1993 साली. सुरुवात तिथून करायची आणि मग तालुक्याच्या कचेरीपर्यंत यायचं.

(दृश्य: लोखंडी कपाट. फायली बाहेर निघतात.)

देणगीदार 'हो' म्हणाला, तरी पैसा लगेच येत नाही. आधी गृह मंत्रालयाची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत मूळ कामावर किमान 15 लाख रुपये खर्च झालेले हवेत. खेड्यातल्या संस्थेनं तेवढा आकडा कुठून दाखवायचा? तिच्यासाठी पूर्वपरवानगीची वाट आहे, फॉर्म एफसी-3बी. एक देणगीदार, एक ठरलेली रक्कम, एक ठरलेलं काम, आणि सोबत देणगीदाराचं वचनपत्र. पूर्वी मोठ्या शहरातली नोंदणीकृत संस्था निधी घेऊन पुढे वाटायची. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीनं ते बंद झालं, आणि कितीतरी छोट्या संस्थांचा निधी तिथेच तुटला.

(दृश्य: जवळून. नोंदणी दाखला, आधार, पॅन, शेजारी शेजारी.)

हे नीट पाहा. जुन्या दाखल्यावर 'बेलगाम', आधारवर 'बेळगावी'. शहराचं नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, दाखले मात्र तेच राहिले. एका कागदावर वडिलांचं पूर्ण नाव, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक मागितले जातात, आणि नाव-पत्ता जुळला नाही की शंका निघते. म्हणून अर्ज उघडायच्या आधी कार्यकारिणीचा ठराव करायचा, नावांची एकच स्पेलिंग ठरवायची, पॅन आणि दर्पण पोर्टलवरची (नीती आयोगाचं स्वयंसेवी संस्थांचं पोर्टल) नोंद त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायची. अर्ज गेल्यावर ही धावपळ फार महागात पडते.

सीमाभागात आणखी एक पेच असतो. निवडणुकीचे उमेदवार, लोकप्रतिनिधी, सरकारी नोकर आणि राजकीय पक्षांचे पदाधिकारी यांना परदेशी देणगी घेता येत नाही. इथं तर जो माणूस बायकांची बाजू घेऊन कचेरीत जातो, त्यालाच गाव निवडणुकीला उभं करतं. अशानं संस्थेच्या पदावर राहू नये. सल्ला जरूर द्यावा.

(दृश्य: बँकेचं पासबुक, कीर्द-खतावणी.)

पैसा उतरतो तो दिल्लीत. स्टेट बँकेच्या 11, संसद मार्ग इथल्या मुख्य शाखेत एफसीआरए खातं असावं लागतं, परदेशी रक्कम फक्त तिथेच येते. तिथून ती निपाणीच्या वापर-खात्यात वळती करायची. देणगीदारानं सरळ निपाणीच्या खात्यात पाठवली तर तो नियमभंग, हेतू कितीही चांगला असो. म्हणून देणगीच्या करारातच दिल्लीचा खाते क्रमांक छापून घ्यावा. आणि गावातल्या कुणी कौतुकानं दिलेले पाचशे रुपयेही या खात्यात भरायचे नाहीत.

प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्के होती, 2020 पासून ती 20 झाली. 10 लाख आले तर 2 लाखांत भाडं, वीज, हिशेबनीस, सी.ए. सगळं बसवायचं. दिल्लीत बसून ठरवायला हा आकडा सोपा आहे. इथं एकच बाई सकाळी वस्तीत जाते आणि दुपारी कीर्द लिहिते. तिच्या तासांची रोजची नोंद ठेवली तर मानधन प्रत्यक्ष काम आणि प्रशासन अशा दोन शीर्षकांत विभागता येतं. नोंद नसेल तर हिशेब तपासणारा ते सगळं प्रशासनात टाकू शकतो.

(दृश्य: व्हाउचर, अंगठ्यांचे ठसे, बसची तिकिटं.)

बसच्या मशीनची तिकिटं काही महिन्यांत कोरी पडतात, त्यामुळे त्याच दिवशी झेरॉक्स काढून व्हाउचरला टाचायची. व्हाउचरवर बाईचं खरं नाव असतं. देणगीदाराच्या अहवालात मात्र फक्त क्रमांक, आणि क्रमांक-नावांची यादी कुलपात.

वर्षाचं विवरण, एफसी-4, 31 डिसेंबरच्या आत. एक रुपयाही आला नसेल तरी 'निरंक' म्हणून भरायचं. नोंदणी पाच वर्षांची, नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधीच्या सहा महिन्यांत. मुदत उलटली की खात्यातले पैसेही वापरता येत नाहीत आणि कार्यकर्तीचं मानधन थांबतं.